वैजूताईचा टर्बो आणि दादाभाऊंचा पाय

डिंभ्याच्या पुढं घाट लागला की तिसऱ्या वळणावर लंकाबाईंची चहाची टपरी आहे, आणि उन्हाळ्यात त्या टपरीसमोरच्या डांबरावर त्यांचा हिरडा वाळत पडलेला असतो. डांबरावर हिरडा जितका छान वाळतो तितका कशावरच वाळत नाही. रस्ता मुळात त्यासाठीच केलाय, मधूनमधून गाड्या जातात तो सरकारचा हट्ट, असं त्या अंगाच्या समस्त बायकांचं ठाम मत आहे. गाडीवाले बिचारे ते मान्य करून पलीकडच्या कडेनं जातात. दादाभाऊही तसेच गेले होते. फक्त पुढं जायच्या ऐवजी ते मागं आले.

ट्रकच्या पाठीवर वाळूच्या गोण्या गच्च भरलेल्या. वळणाच्या ऐन पोटात ट्रकनं एकदा ‘हं’ केलं आणि दम सोडला. दादाभाऊंनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि देवाचं नाव घेतलं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात आधी झाली असावी, कारण ट्रक दोनेक हात मागं सरकला आणि मागची चाकं हिरड्यात जाऊन बसली. पापड मोडल्यासारखा आवाज झाला.

लंकाबाई टपरीतून सावकाश बाहेर आल्या. पदराला हात पुसत त्यांनी आधी चाकाकडं बघितलं, मग दादाभाऊंकडं.

“भाऊ, हिरडा दगडानं फोडत्यात. टरक लागत न्हाई.”

“चुकलं मावशी.”

“न्हाई, फोडलाय बराय. पर आमी सांगितलं नव्हतं.”

तेवढ्यात ट्रकच्या दुसऱ्या दारानं वैजयंती उतरली. एका काखेत लॅपटॉप, दुसऱ्या हातात रस्त्याकडेचा धोंडा. तिनं धोंडा चाकाखाली लावला, लॅपटॉप टपरीच्या बाकड्यावर ठेवला, आणि उकिडवं बसून आख्खा हिरडा एका बाजूला, चिरडलेला दुसऱ्या बाजूला असा निवडायला लागली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, “काका, झाडू घ्या.”

दादाभाऊंनी झाडू घेतला. उभ्या आयुष्यात त्यांनी बायकोच्या, बायडाबाईंच्या सांगण्यावरूनही झाडू घेतला नव्हता. वैजयंतीचं बोलणंच तसं होतं. तीन शब्दांत ती बोलणं उरकायची, चौथा शब्द लागला तर तिला तो कुठून तरी उसना आणावा लागे.

दादाभाऊ आळ्याचे. आळेफाट्यावरून मुंबईला कांदा, टोमॅटो, असेल तो माल नेण्यात त्यांची हयात गेलेली. स्वतःचा ट्रक मोडीत काढल्यावर ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे गिअर तोंडानं टाकत असत. तेव्हा चाकणच्या एका इंजिन कंपनीला चाचणीच्या ट्रकवर माणूस हवा होता. कंपनीची अट एकच, ड्रायव्हर साधा पाहिजे. ट्रॅकवर सराव केलेला नको, रस्त्यावरचा पाहिजे. ‘साधा’ या शब्दाचा दादाभाऊंना जरा राग आला होता, पण स्टेअरिंगचा वास आला की राग टिकत नाही.

ट्रकची ओळख करून द्यायला वैजयंती होती. राजुरीची पोरगी, म्हणजे शेजारच्याच गावची. दादाभाऊ पहिल्या दिवशी तिला ‘मॅडम’ म्हणाले. ती म्हणाली, “वैजयंती.” मग दोघांनी मिळून ‘वैजूताई’वर तडजोड केली, आणि ते तिला अरेतुरे करायला मोकळे झाले. चाकणहून कोणी आलं तरच ती पुन्हा मॅडम व्हायची.

ती या ट्रकात नेमकं काय करते, हे दादाभाऊंनी तिला विचारलं होतं. तिचं उत्तर त्यांना इतकं पटलं की आळ्यात ते स्वतःचंच म्हणून सांगतात.

इंजिन म्हणजे पंगत. डिझेल म्हणजे भात, हवा म्हणजे वरण. टर्बो म्हणजे वरण वाढणारा. हा वाढपी इंजिनाच्याच धुरावर पळतो. धूर जोरात निघाला की त्याचा पंखा जोरात फिरतो आणि जास्त हवा इंजिनात कोंबतो. सपाट रस्त्यावर हे झकास चालतं. पण चढ आला आणि ड्रायव्हरनं रेस दाबली की भात ताबडतोब पडतो, आणि वरणवाला असतो मांडवाच्या त्या टोकाला. धूर वाढल्याशिवाय तो पळणार नाही आणि तो पळाल्याशिवाय नीट जळणार नाही. तेवढ्यात भात कोरडाच, म्हणजे गाडी काळा धूर सोडते आणि ढिम्म राहते. तर वैजयंतीच्या टर्बोला विजेची छोटी मोटर जोडलेली होती. धुराची वाट न बघता ती पंख्याला ढकलायची. वाढप्याच्या पाठीत हळूच धक्का, तेवढंच. मात्र बॅटरी लहान, मोटर नाजूक. कधी ढकलायचं, किती ढकलायचं आणि कधी हात काढून घ्यायचा हे एक डबी ठरवायची, आणि त्या डबीला शहाणपण शिकवायचं काम वैजयंतीचं.

“म्हंजी तू वरणवाल्याची मुकादम,” दादाभाऊ म्हणाले होते.

“हो,” वैजयंती म्हणाली होती. तिच्या हिशेबी हे लांबलचक संभाषण झालं.

हिरडा निवडून झाल्यावर तिनं बाकड्यावर लॅपटॉप उघडला. लंकाबाईंनी चहा ठेवला होता, राग वेगळा आणि पाहुणचार वेगळा. पडद्यावर एक रेघ होती. डॉक्टरकडं काळजाची निघते तशी, वरखाली, वरखाली.

“हे कोणाचं?” दादाभाऊंनी काळजीनं विचारलं.

“तुमचा पाय.”

दादाभाऊंनी चपलेतल्या पायाकडं बघितलं. इतकी वर्षं बिनबोभाट चालणाऱ्या पायाची अशी जाहीर चित्रं निघावीत हे त्यांना बरं वाटलं नाही. पण रेघ खोटं बोलत नव्हती. वळणाच्या आधी पायानं रेस दाबली होती, सोडली होती, दाबली होती, सोडली होती, शेवया वळाव्यात तशी.

ही दादाभाऊंना गाडी शिकवणाऱ्या धर्माजी उस्तादांची शिकवण. माळशेजच्या चढाला उस्ताद म्हणायचे, “गाडीला आधी जागी कर, मंग वझं सांग.” म्हणून वळणाआधी फुर्र फुर्र अशा रेसा द्यायच्या. घाटातले सगळे जुने ड्रायव्हर देतात. का देतात हे दादाभाऊंनी कधी विचारलं नव्हतं. उस्तादांना कारण विचारलं की ते पाना फेकून मारत आणि नेम चांगला होता.

“जुन्या ट्रकला ते बरोबर होतं,” वैजयंती म्हणाली. “टर्बो उशिरा उठायचा, तुम्ही आधीच उठवायचात. आता मोटर उठवते. तुम्ही दर फुर्रला तिला उठवताय आणि झोपवताय. ती तापली. तापली की डबी तिला बंद करते, नाहीतर जळेल. नेमकं वळणात बंद झाली.”

“म्हंजी माझ्या पायानं.”

“हो.”

गोड बोलून समजूत काढायची तिला सवयच नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं, पण शुक्रवारी चाकणहून वैजयंतीच्या वरच्या साहेब, इंद्रायणी मॅडम येणार होत्या. याच घाटात, याच वजनानं, ट्रक वर जाताना त्यांना बघायचा होता. ट्रक चढला तर काम पुढं. पुन्हा अडला तर ही विजेची भानगड कपाटात, ट्रकात जुनंच मोठं इंजिन, आणि वैजयंती चाकणच्या काचेच्या खोलीत दुसऱ्यांचे आकडे तपासायला. वैजयंती हे घड्याळातली वेळ सांगावी तसं सांगून मोकळी झाली. पण त्यानंतर चहा तसाच राहिला. चहा वाया घालवणारी ती नव्हती, हे दादाभाऊंनी टिपलं.

त्या रात्री जेवताना त्यांनी पायाला शिस्त लावायचं मनावर घेतलं. उजवा पाय पाटाखाली दाबून ते जेवायला बसले. दोन घासांत पाय सुटला आणि ताटाशेजारचा तांब्या वाजायला लागला.

“काय चाललंय?” बायडाबाई म्हणाल्या.

“पाय एका जागी ठिवाया शिकतोय.”

“आत्ता? लग्नात अंतरपाटामागं पन हालत व्हता त्यो. भटजींनी मला इचारलं, पोराला थंडी वाजतीय का म्हून.”

दुसऱ्या दिवशी दादाभाऊंनी मनाचा मोठेपणा केला. “वैजूताई, शुक्रवारी ट्रॅकवरचा ड्रायव्हर बोलाव. त्यांचं पाय म्हणं खांबावानी असत्यात.”

“मॅडमपण तेच म्हणाल्या फोनवर.”

“मंग?”

“मी नको म्हणाले.”

“का गं?”

“ट्रक विकल्यावर चालवणार कोण? खांब का तुम्ही?”

दादाभाऊंना पहिल्यांदा आपला पाय एकट्याचा नाही असं वाटलं. त्याच्यामागं ओतूरपासून मंचरपर्यंतचे, फुर्र फुर्र करणारे, उस्तादांचा पाना चुकवलेले शेकडो पाय उभे होते. तरी ते म्हणाले, “पर शुक्रवारपुरतं तरी...”

तिनं ऐकलं नाही. ट्रक फाट्यावर लावून ती त्यांना राजुरीला घरी घेऊन गेली. कडबा कापायचा होता, आणि तिचा भाऊ लग्नाला गेलेला.

गोठ्यात हातानं फिरवायचं कुट्टीचं जुनं यंत्र होतं, मोठ्या बिडाच्या चाकाचं. विजेचं आणलं होतं, पण दुपारची वीज राजुरीत पाहुण्यासारखी येते आणि चहा न घेता जाते. वैजयंतीची आई सारजाबाई कडब्याची पेंडी तोंडाला लावायच्या आणि चाक फिरवायला दुसरा माणूस लागायचा. शाळा, डिप्लोमा, अवसरीची इंजिनिअरिंग, सगळ्या सुट्ट्यांत हा दुसरा माणूस वैजयंती होती. आज तिनं दादाभाऊंना चाकाशी उभं केलं आणि स्वतः गाईंना पाणी दाखवायला गेली.

“पाव्हण्याला काम लावलं व्हय?” सारजाबाई म्हणाल्या, पण पेंडी पुढं सरकवलीच. हात चालू, तोंड चालू. “ही अशीच बघा. मागल्या साली एक स्थळ आलं व्हतं, मंचरचं. चांगला पोरगा, नवी गाडी. हिला म्हनला, काय इचारायचं का? तर ही म्हनली, तुमच्या गाडीचा हवेचा पाइप फाटलाय, शिट्टी वाजती.”

“मंग?”

“गेला बिचारा ग्यारेजला. पाइप खरंच फाटला व्हता म्हनं. त्याच्या आईचा फोन आला, गाडी लई भारी चालतीय. लग्नाचं काय बोलली न्हाई.”

दादाभाऊ हसले आणि हसताना दमले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. पेंडी आली की ते जोर लावायचे, सारजाबाई पेंडी सारखी करायला थांबल्या की चाक हातानं धरून उभे राहायचे, पेंडी परत आली की थांबलेल्या चाकाला पुन्हा पहिल्यापासून जोर. बिडाचं चाक ते. पहिला फेरा काढताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

वैजयंती बादली घेऊन दारात उभी होती. “धरता कशाला?”

“आई पेंडी लावतीय ना.”

“हात सोडा. फिरू द्या.”

त्यांनी सोडला. चाक आपलं आपण, हळू होत, पण फिरत राहिलं. पुढची पेंडी आली. दादाभाऊंनी नुसता हात लावला आणि कुट्टी खर्रकन पडली.

“हीच डबीची चूक होती,” वैजयंती बादलीवर टेकून म्हणाली, आणि दादाभाऊंनी तिच्या तोंडून तोवरचं सगळ्यात लांब बोलणं ऐकलं. “तुम्ही पाय उचलला की डबी पंख्याला धरायची. धरून त्याच्याकडून करंट परत घ्यायची, बॅटरी वाचावी म्हणून. कागदावर छान दिसतं. पण तुम्ही लगेच परत दाबता. मग थांबलेल्या पंख्याला पुन्हा पहिल्यापासून ढकला. त्यात मोटर तापली. तुम्ही पाय हलवला हे खरं, पण मी तिला चाक धरायला शिकवलं होतं.”

“आता?”

“आता पाय उचलला तरी थोडं फिरतं ठेवायचं.”

“थोडं म्हंजी किती?”

“तेच हुडकायचंय.”

मग ते हुडकत फिरले. फार वेळ फिरतं ठेवलं तर बॅटरी संपे, आणि इंजिनाला नको असलेली हवा पंख्यावरच उलटून टर्बो म्हाताऱ्यासारखा खोकला काढी. फार कमी ठेवलं तर पहिले पाढे पंचावन्न. फाट्याचे गतिरोधक, नारायणगावच्या बाजाराची गर्दी, घोडेगावचा चढ, उसाच्या ट्रॉलीमागं रखडणं; जिथं जिथं ओझं एकदम वाढतं किंवा एकदम उतरतं तिथं तिथं दादाभाऊ पाय हलवत आणि वैजयंती डोळे मिटून ऐके. खोकला आला की ती लॅपटॉपवर काहीतरी कमीजास्त करी. दादाभाऊंना वाटे, आपण पेटी वाजवतोय आणि ही सूर लावतीय.

अडचण एक उरली. काका सवयीनं पाय उचलतात का खरंच थांबतात, हे डबीला कळायचं कसं? त्यावर वैजयंतीनं एक दुपार नुसतं त्यांच्या पायाकडं बघण्यात घालवली. दादाभाऊ संकोचून नवी चप्पल घालून आले होते. शेवटी ती म्हणाली, “ब्रेकवर गेला तर खरं थांबताय. नुसता उचलला तर सवय.” आणि डबीला तसं शिकवलं: पाय ब्रेकवर गेला की पंखा धर, करंट परत घे. ब्रेकवर नाही गेला आणि रस्ता चढाचा असला तर धीर धर, काका परत दाबणार आहेत.

“म्हंजी डबी आता मला वळखती.”

“हो.”

“बायडीला इतकी वर्षं लागली.”

शुक्रवारी इंद्रायणी मॅडम आल्या. पांढरे केस, पायात बूट, बोलणं पुण्याचं आणि मोजकं. वैजयंती असं बोलणं कुठं शिकली असावी याचा दादाभाऊंना उलगडा झाला. तिघं केबिनमध्ये बसले, गोण्या होत्या तशा, आणि डिंभ्याचं पाणी मागं टाकून ट्रक घाटाला लागला.

दादाभाऊंनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. डबीवर त्यांचा विश्वास होता, पण पोरीचं दोन वर्षांचं काम आपल्या सवयीच्या जिवावर टांगायचं नाही. उजव्या पायाची बोटं त्यांनी चपलेत आवळून धरली, दात आवळले, आणि रेस एका जागी धरली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा चढत होता.

“काका,” वैजयंती लॅपटॉपवरून म्हणाली, “पाय दुखतोय का?”

“न्हाई.”

“मग हलत का नाही?”

“धरून ठिवलाय.”

इंद्रायणी मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडं बघितलं. दादाभाऊंना वाटलं, आता ही गप्प बसेल तर बरं. गप्प बसणं तर तिला इतकं छान जमतं.

“सोडा,” वैजयंती म्हणाली. “त्यांना तुमचा पाय बघायचाय. धरलेला नको.”

आणि तेवढ्यात तिसऱ्या वळणावर वरून एसटी आली. वळणात एकच गाडी मावते, आणि एसटी कुणासाठी थांबत नाही, हा घाटाचा नियम. दादाभाऊंनी ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला. ट्रक वळणाच्या पोटात, चढावर, आख्ख्या ओझ्यासकट उभा राहिला. बरोबर तिथंच. बाजूला लंकाबाई हिरड्यापुढं काठी घेऊन उभ्या होत्या. मागच्या चाकांवरची त्यांची नजर हलत नव्हती.

एसटी खरवडत निघून गेली. आता इथून उचलायचा, थांबल्यापासून. दादाभाऊंच्या डोक्यात धर्माजी उस्ताद म्हणाले, जागी कर. पायाला कोणी विचारलंच नाही. फुर्र. फुर्र. फुर्र. तिसऱ्या फुर्रला दादाभाऊंनी कान टवकारले, कारण मागच्या खेपेला याच्या पुढचा आवाज ‘हं’ होता.

तो आला नाही. बॉनेटखालून बारीकसा, चाक फिरत राहिल्यासारखा आवाज येत राहिला, फुर्र आणि फुर्रच्या मध्येही. दादाभाऊंनी क्लच आणि हँडब्रेक सोडला. ट्रकनं एकदा मान खाली घातली आणि वर निघाला. मागं बोटभरसुद्धा गेला नाही. आरशात धूर नव्हता. लंकाबाईंनी काठी खाली केली आणि टपरीत गेल्या, बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

वरच्या सपाटीवर झाडाच्या सावलीत ट्रक उभा केला. इंद्रायणी मॅडमनी लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ रेघा मागंपुढं केल्या. वैजयंती बाहेर बघत होती. तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

“मोटर कितपत तापली?” मॅडमनी विचारलं.

वैजयंतीनं पडद्यावर एका जागी बोट ठेवलं.

“हं. आणि इथं हा तीनदा पाय?”

“सवय आहे त्यांची.”

“काढायला नाही सांगितली?”

“नाही. शेकडो लोकांची आहे.”

मॅडमनी लॅपटॉप मिटला. “पावसाळाभर चालवा. ओल्या रस्त्याचे आकडे पाहिजेत मला. ड्रायव्हर हेच ठेवा.” मग दादाभाऊंकडं वळून, “तुम्हाला चालेल ना?”

“चालंल की,” दादाभाऊ म्हणाले. त्यांना एकदम तहान लागली.

मॅडम मागून आलेल्या त्यांच्या गाडीनं भीमाशंकरकडं गेल्या. ट्रकच्या सावलीत वैजयंतीनं डबा उघडला. सारजाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, दोघांपुरती. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावला. आता इंजिन बंद होतं, ऐकायला काही नव्हतं, तरी. मग दुसरी भाकरी घेतली. हे दादाभाऊंनी टिपलं.

त्यांची मात्र छाती हळूहळू रुंद होत चालली होती. आळ्यात आज काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव झाली होती, फक्त कोणीतरी शिक्का मारायला पाहिजे होता. चटणी बोटानं निपटत ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, “वैजूताई, खरं बोल. येवढी मोटर, डबी, लॅपटॉप सगळं मान्य. पर शेवटाला त्या वळनात टरक चढला त्यो माझ्या पायानं. का न्हाई?”

वैजयंतीनं घास गिळला, पाणी प्यायली आणि डब्याचं झाकण लावलं.

“तुमचा पाय असूनसुद्धा चढला.”